अ‍ॅप बदलून लायब्ररी नीट होत नाही: १२ हजार गाण्यांच्या गोंधळाबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात परत सांगतो. वीसेक वर्षांत जमवलेली १२ हजारांच्या आसपास गाणी, त्यातली निम्मी स्वतःच्या सीडींवरून रिप केलेली (म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली), थोडी विकत घेऊन डाउनलोड केलेली, आणि उरलेली कुठून आली ते आता आठवत नाही (सगळ्यांचं असंच असतं, लाजू नका). ती सगळी तुम्ही एका स्ट्रीमिंग सर्व्हिसच्या लायब्ररीत चढवली, जुनी हार्ड डिस्क कपाटात टाकली, आणि आता एकेका अल्बमचे आठ-नऊ तुकडे दिसतायत, काही गाण्यांच्या जागी भलतंच रेकॉर्डिंग वाजतंय, प्लेलिस्टमधली गाणी राखाडी पडलीयत (नाव दिसतं, वाजत नाही), आणि स्मार्ट स्पीकरला अल्बमचं नाव सांगितलं की तो एकतर सापडत नाही म्हणतो नाहीतर स्वतःच्या मनाने काहीतरी लावून मोकळा होतो, आणि अधूनमधून तर फोनला दिसतच नाही. आणि शेवटी विचारलंय, यापेक्षा चांगलं अ‍ॅप कुठलं?

मी गेली अठरा-एकोणीस वर्षं लोकांच्या घरी म्युझिक सिस्टीम आणि नेटवर्क बसवून द्यायचं काम करतो, त्यातला अर्धा वेळ खरं तर अशा विस्कटलेल्या लायब्रऱ्या आवरण्यातच जातो, आणि अ‍ॅपचा विषय मी नेहमी शेवटी काढतो. कारण तुम्ही इतकी वर्षं जे केलंत ते नुसतं गाणी गोळा करणं नव्हतं. नावं नीट लिहिली, कुठलं गाणं कुठल्या अल्बमचं ते लावलं, आवडत्या गाण्यांना तारे दिले, कशानंतर काय वाजायला पाहिजे ते ठरवलं. ही सगळी मेहनत त्या अ‍ॅपच्या डेटाबेसमध्ये जाऊन बसलीय, गाण्याच्या फाइलमध्ये त्यातलं फार थोडं आहे. म्हणून अ‍ॅप बदललं की फाइली येतात आणि मेहनत मागे राहते. उद्या मी सांगितलेलं अ‍ॅप घेतलंत तरी दोन-तीन वर्षांनी हाच प्रश्न घेऊन परत याल.

आता काही गोष्टी तुमच्यावर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. ती कपाटातली डिस्क अजून चालते का? तुमच्या गाण्यांपैकी किती अशी आहेत जी स्ट्रीमिंगवर मिळतच नाहीत? एखाद्या गाण्याचं विशिष्टच रेकॉर्डिंग पाहिजे, दुसरं चालणार नाही, असं तुमचं आहे का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मनापासून "नाही" असेल तर खरंच सांगतो, पुढचं काही वाचू नका, सबस्क्रिप्शन चालू ठेवा, डिस्कची एक कॉपी काढून बाजूला ठेवा आणि मजेत ऐका. पण तुमच्या प्रश्नात "भलतंच रेकॉर्डिंग वाजतं" हे ज्या चिडीने लिहिलंय त्यावरून तुम्ही त्यातले वाटत नाही.

तर पहिलं काम डिस्कचं. अ‍ॅपमध्ये आज काहीही डिलीट करू नका, सबस्क्रिप्शन बंद करू नका, आधी ती डिस्क जोडून तिच्या दोन कॉप्या काढा, एक घरात आणि एक घराबाहेर. चढवलेली गाणी "क्लाउडमध्ये आहेतच की" यावर विसंबू नका. गूगल प्ले म्युझिकमध्ये ५० हजारांपर्यंत स्वतःची गाणी चढवता यायची, ती सर्व्हिस डिसेंबर २०२० मध्ये बंद झाली. गाणी दुसरीकडे हलवायची सोय त्यांनी दिली होती, पण ज्यांनी मुदतीत बघितलं नाही ते बसले. मायक्रोसॉफ्टची ग्रूव्हची स्ट्रीमिंग सर्व्हिस २०१७ संपताना गेली. मायस्पेस या जुन्या सोशल साइटने तर २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना २०१६ च्या आधी चढवलेलं संगीत गेलं ते गेलंच, ५ कोटींहून जास्त गाण्यांचा आकडा तेव्हा बातम्यांत होता. वाईट हेतू कुणाचाच नसतो हो, पण तुमच्या गाण्यांची काळजी हा त्यांचा धंदा नाही.

भलतं रेकॉर्डिंग का वाजतं ते सांगतो, कारण ते कळलं की डिस्क इतकी महत्त्वाची का तेही कळेल. चढवलेली प्रत्येक फाइल साठवायला बऱ्याच सर्व्हिसेसना परवडत नाही. त्या फाइल ऐकतात म्हणजे तिचा आवाजाचा ठसा काढतात, आपल्या कॅटलॉगमध्ये तसलाच ठसा सापडला की तुमची फाइल न ठेवता आपली कॉपी तुमच्या नावावर लावतात. अ‍ॅपलचं आयट्यून्स मॅच २०११ मध्ये आलं ते याच पद्धतीचं, जुळलेलं गाणं २५६ केबीपीएस एएसीमध्ये मिळायचं (केबीपीएस म्हणजे दर सेकंदाच्या आवाजाला किती डेटा). तुमची रिप जुनी १२८ ची असेल तर हा फायदाच. पण तुमच्याकडे मोनो कॉपी असेल आणि त्यांच्याकडे स्टिरिओ रीमास्टर (जुन्या रेकॉर्डिंगची नव्याने सुधारलेली आवृत्ती), किंवा तुमच्याकडे मैफिलीतलं आणि त्यांच्याकडे स्टुडिओतलं, तर ठसा कधीकधी "तेच" म्हणून जुळतो आणि तुमचं रेकॉर्डिंग गायब होतं. अशावेळी तुमच्याकडे खरं काय होतं याचा एकमेव पुरावा ती कपाटातली डिस्क. आणि सबस्क्रिप्शनमधून "डाउनलोड" केलेली गाणी पुरावा म्हणून धरू नका, ती कुलूपबंद असतात. स्पॉटिफायवर तर ऑफलाइन ठेवलेली गाणी ३० दिवसांत एकदा ऑनलाइन आला नाहीत तर वाजायची थांबतात. जाता जाता, डिस्कवर 'एमफोरपी' (.m4p) शेपटाच्या फाइली दिसल्या तर त्या बाजूला काढा, त्या आयट्यून्स स्टोअरच्या जुन्या डीआरएमवाल्या, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप असलेल्या. २००९ मध्ये तिथल्या गाण्यांचं डीआरएम गेलं, पण आधी घेतलेल्या फाइली तशाच कुलुपात राहिल्या.

आता टॅग, म्हणजे फाइलच्या आतच लिहिलेली गाण्याची, कलाकाराची, अल्बमची नावं. सगळं दुखणं इथे आहे म्हणून इथे जरा थांबतो.

ऑडिओ सीडीवर बहुतेक वेळा गाण्यांची नावं नसतातच, हे पुष्कळांना माहीत नसतं. रिप करताना सॉफ्टवेअर फक्त प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे ते बघतं, तो आकड्यांचा संच इंटरनेटवरच्या डेटाबेसला पाठवतं, आणि जगात कुणीतरी आधी ती सीडी रिप करताना हाताने जे टाइप केलं असेल ते तुमच्या फाइलमध्ये येतं. म्हणून एकाच गायकाची तीन स्पेलिंगं. एकात आडनाव आधी, एकात नंतर, एकात मधला इनिशियल. तुमची चूक नाही, तीन वेगळ्या अनोळखी माणसांच्या बोटांची आहे.

वर एमपीथ्रीचा इतिहास. पहिला आयडीथ्री टॅग (एमपीथ्रीत नावं लिहायची पद्धत) १९९६ चा, फाइलच्या शेवटी चिकटवलेले फक्त १२८ बाइट. त्यात नावाला ३०, कलाकाराला ३०, अल्बमला ३०, वर्षाला ४. युनिकोडचा, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या पद्धतीचा, त्यात विचारच नाही. कुणी त्यात यूटीएफ-८ (युनिकोड साठवायचा एक प्रकार, यूटीएफ-१६ दुसरा) कोंबलंच तरी देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे दहा चिन्हं, आणि काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजायच्या. तुम्हाला जी अर्धवट तुटलेली नावं किंवा प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतायत त्या बऱ्याचदा याच शेपटातून आलेल्या असतात. नंतरची आवृत्ती फाइलच्या सुरुवातीला बसते, तिला लांबीची अडचण नाही. त्यातही २.३ मध्ये यूटीएफ-१६ चालतं, यूटीएफ-८ आलं ते २.४ मध्ये, आणि जुने कार स्टिरिओ वगैरे २.४ बघून गडबडतात. मी सरसकट २.३ मध्ये यूटीएफ-१६ लिहितो आणि जुनं १२८ बाइटचं शेपूट उडवतो. एमपीथ्रीटॅग नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये हे सेटिंग एकदा केलं की झालं. फ्लॅक फाइली (आवाज न घटवता साठवणाऱ्या) असतील तर ही कटकटच नाही, तिथे टॅग पहिल्यापासून यूटीएफ-८ मध्येच असतात.

आणि अल्बमचे तुकडे? एक अल्बम घ्या, तुमच्या वर्णनातलाच समजा, १४ गाण्यांचा, अ‍ॅपमध्ये नऊ ठिकाणी दिसणारा. एमपीथ्रीटॅगमध्ये तो फोल्डर उघडा आणि 'आर्टिस्ट'च्या रकान्यातून वरून खाली नजर फिरवा. सहा गाण्यांपुढे नुसतं मुख्य गायकाचं नाव, एकापुढे "अमुक फीट. तमुक", एकापुढे "अमुक आणि तमुक", एकापुढे स्वल्पविराम देऊन तीन नावं, उरलेल्या पाचांपुढेही असंच काहीतरी वेगवेगळं. अ‍ॅप काय करतं, तर अल्बमचं नाव आणि कलाकाराचं नाव ही जोडी बघून गठ्ठे बांधतं. जोडी वेगळी की गठ्ठा वेगळा. यावर उपाय म्हणून 'अल्बम आर्टिस्ट' नावाचा वेगळा टॅग असतो, तो तुमच्या फाइलींमध्ये शंभरातल्या नव्वद वेळा रिकामा निघेल. चौदाही गाणी एकदम सिलेक्ट करा, तिथे एकच नाव टाका, सेव्ह करा, 'आर्टिस्ट'ला हात लावू नका. नऊचे एक होतात. वेगवेगळ्या गायकांचं संकलन असेल तर तिथे "व्हेरिअस आर्टिस्ट्स" टाका, आणि दोन सीडींचा सेट असेल तर अल्बमच्या नावात "सीडी १", "सीडी २" लिहायच्याऐवजी डिस्क नंबरचा टॅग भरा.

हे करूनही एखादा अल्बम दोन ठिकाणी दिसत राहिला तर नावाच्या शेवटी स्पेस आहे का बघा. मी एकदा दीड तास एका अल्बमशी झुंजलो, दोन्हीकडे अक्षरन् अक्षर तेच, डेटाबेस उडवून परत बांधला, सर्व्हर रीस्टार्ट केला, शेवटी कर्सर नावाच्या टोकाला नेला तर तो एक घर पुढे जाऊन थांबला. डोळ्यांना न दिसणारी एक मोकळी जागा. तेव्हापासून मी पहिलं काम सगळ्या फाइलींच्या टॅगमधल्या टोकाच्या स्पेस झाडायचं करतो, एका क्लिकचं काम आहे.

हे सगळं ऑटोमॅटिक होत नाही का, असं तुम्ही विचारणार. होतं, आणि तिथेच लोक फसतात. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड फार चांगलं आहे, मी रोज वापरतो, गाण्याचा ठसा काढून नाव शोधतं, तेही फुकट. पण १२ हजार फाइली एकदम त्याच्या अंगावर टाकून झोपायला जाऊ नका. मी गेलो होतो, माझ्याच लायब्ररीवर, वेगळ्या एका सॉफ्टवेअरमध्ये 'फोल्डर आपोआप लावा' ची खूण करून. सकाळी मैफिलींची शेकडो रेकॉर्डिंगं स्टुडिओ अल्बमच्या नावांनी, वेगवेगळ्या संकलनांत वाटली गेलेली. एकच गाणं सतरा संकलनांत असतं, त्याने पहिलं सापडलं ते धरलं. जुनी नावं कुठेच शिल्लक नव्हती आणि बॅकअप चार महिन्यांचा. काही रेकॉर्डिंगं कुठल्या कार्यक्रमातली ते मला आजही माहीत नाही. म्हणून आता नियम असा: काम नेहमी कॉपीवर, एका वेळी एक अल्बम, सेव्ह करण्याआधी ट्रॅकची संख्या आणि लांबी जुळते का बघायची. तुमचे अंदाजे हजार अल्बम होतील, एका बैठकीत पंधरा-वीस निघतात, म्हणजे रोज बसलात तर दोनेक महिने. पण रोज बसू नका. वर्षभरात खरोखर ऐकता ते दीड-दोनशे अल्बम आधी करा, बाकीचे ऐकायची इच्छा होईल तसे. माझे अजून संपलेले नाहीत.

क्वालिटीबद्दल दोनच वाक्यं, कारण त्यावर आधीच खूप भांडणं होतात. सीडी हाताशी असेल आणि जुनी रिप १२८ ची असेल तर परत फ्लॅकमध्ये रिप करा, पण एमपीथ्रीचं फ्लॅक करू नका, गेलेलं परत येत नाही, नुसती फाइल फुगते. फ्लॅकचा मला आवडणारा गुण वेगळाच आहे, फाइलच्या आत मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह, म्हणजे पडताळणीचा आकडा, ठेवलेला असतो, त्यामुळे दहा वर्षांनी कॉपी धड आहे की सडली ते एका कमांडमध्ये कळतं.

प्लेलिस्ट राखाडी का पडतात? स्ट्रीमिंगच्या प्लेलिस्टमध्ये गाणं नसतं, एक आयडी असतो. करार संपला, किंवा कंपनीने तेच गाणं नव्या रीमास्टरसकट पुन्हा पाठवलं, की जुना आयडी मेला. गाणं शेजारी वाजत असतं, तुमच्या यादीतली नोंद मात्र राखाडी. नील यंगने जानेवारी २०२२ मध्ये आपली गाणी स्पॉटिफायवरून काढायला लावली, मार्च २०२४ मध्ये ती परत आली, दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला कुणी विचारलं नाही. म्हणून आजच सगळ्या प्लेलिस्ट सीएसव्हीमध्ये बाहेर काढा. साउंडिझ किंवा ट्यूनमायम्युझिक हे करतात, गाण्याचं नाव, कलाकार, अल्बम असं साध्या तक्त्यात मिळतं. निम्मी गाणी नंतर कुठे सापडली नाहीत तरी काय होतं ते तरी कळतं. स्वतःच्या फाइलींसाठी एमथ्रीयू८ प्रकारची प्लेलिस्ट वापरा, ती साधी टेक्स्ट फाइल असते, फक्त आतले पत्ते त्या फोल्डरपासूनचे ठेवा, ड्राइव्हच्या अक्षरापासूनचे नको, नाहीतर डिस्क बदलली की सगळी यादी मुकी. ताऱ्यांचंही तेच, अ‍ॅपमध्ये "रेटिंग फाइलमध्ये लिहा" असा पर्याय असतो, बहुतेक वेळा बंद असतो, तो चालू करा.

इथवरचं एकदा गोळा करतो: डिस्कच्या दोन कॉप्या, कॉपीवर काम, अल्बम आर्टिस्ट भरणं, प्लेलिस्ट बाहेर काढणं. एवढं झालं की अ‍ॅप कुठलंही घ्या. घरात सतत चालू राहणारा छोटा कॉम्प्युटर असेल तर मी नॅव्हिड्रोम (आपल्याच फाइली घरातून स्ट्रीम करणारं सॉफ्टवेअर) बसवतो, हलकं आहे आणि ते फोल्डरच्या नावांपेक्षा टॅग बघतं, म्हणजे तुमच्या मेहनतीचं फळ लगेच दिसतं. व्हिडिओपण ठेवायचे असतील तर जेलीफिन. हे काहीच नको असेल तर फोनमध्ये मावतील तेवढे अल्बम टाका आणि साधा प्लेअर वापरा, त्यात कमीपणा काही नाही. स्ट्रीमिंगही ठेवा, नवीन ऐकायला त्याच्यासारखं दुसरं नाही, मी पण ठेवलंय.

स्मार्ट स्पीकरबद्दल तुम्ही दोन तक्रारी एकत्र केल्यायत, त्या वेगळ्या करा. नाव न समजणं ही एक. तुम्ही बोलता त्याचं तो आधी टेक्स्ट करतो आणि मग सर्व्हिसच्या कॅटलॉगमध्ये शोधतो, तुम्ही स्वतः चढवलेली गाणी बऱ्याच ठिकाणी त्या शोधात धरलीच जात नाहीत. नाव लांब किंवा दोन भाषांचं मिश्रण असेल तर आणखीच आनंद. त्याच्याशी हुज्जत घालू नका. एक-दोन साध्या शब्दांच्या नावाची प्लेलिस्ट करा आणि तीच मागा, नाहीतर फोनवरून गाणं निवडून स्पीकरकडे पाठवा.

दुसरी तक्रार, स्पीकर अधूनमधून फोनला "दिसतच नाही", ती स्पीकरची नसून राउटरची असण्याची शक्यता जास्त. फोन आणि स्पीकर एकमेकांना शोधतात ते घरातल्या नेटवर्कवर हाका मारून, आणि त्या हाका राउटरला पलीकडे जाऊ द्याव्या लागतात. फोन गेस्ट वायफायवर असेल, राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारं सेटिंग) चालू असेल, किंवा फोनवर व्हीपीएन असेल, तर हाक पोचत नाही. इंटरनेट मात्र दोघांनाही असतं, म्हणून वाटतं की नेटवर्क ठीक आहे. एका घरी मी स्पीकर तीनदा फॅक्टरी रीसेट केला, चौथ्यांदा करणार तेवढ्यात त्यांच्या मुलाने सांगितलं की बाबांचा फोन पाहुण्यांच्या वायफायवर असतो, पासवर्ड सोपा आहे म्हणून. त्या दिवशी मी पैसे थोडे कमी घेतले.

नवीन स्पीकर घ्यायच्या विचारात असाल तर माझं मत पक्कं आहे: चांगला आवाज आणि "स्मार्ट"पणा एकाच डब्यात घेऊ नका. मार्च २०२५ मध्ये गूगलची टीव्ही-स्पीकरला जोडायची स्ट्रीमिंग उपकरणं, दुसऱ्या पिढीची क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ, जगभर एका दिवसात बंद पडली, कारण काय तर १० वर्षांच्या मुदतीचं एक डिजिटल सर्टिफिकेट संपलं. काही दिवसांत दुरुस्ती आली खरी, पण तोवर धडधाकट हार्डवेअर नुसतं पडून. जानेवारी २०२२ मध्ये सोनोस या स्पीकर कंपनीशी चाललेल्या पेटंटच्या वादात निकाल विरुद्ध गेला म्हणून गूगलने आपल्या स्पीकरच्या ग्रुपचा आवाज एकत्र कमी-जास्त करायची सोय काढून घेतली, लोकांनी विकत घेतलेल्या स्पीकरमधून. सोनोसचं स्वतःचं मे २०२४ चं नवं अ‍ॅप आलं तेव्हा त्यात अलार्मसारख्या जुन्या सोयीच नव्हत्या. स्पॉटिफायचं कारमधलं उपकरण, कार थिंग, डिसेंबर २०२४ मध्ये कायमचं बंद केलं गेलं. याच्या उलट स्क्वीझबॉक्स ही नेटवर्कवरून गाणी वाजवणारी उपकरणं बघा. लॉजिटेकने २०१२ मध्ये ती उपकरणं बनवणं थांबवलं, २०२४ मध्ये त्यांची ऑनलाइन सर्व्हिसही गेली, तरी ती अजून वाजतायत, कारण सर्व्हरचं सॉफ्टवेअर मोफत आणि खुलं होतं, लोकांनी ते लिरियन नावाने चालू ठेवलं. माझ्याकडची एक रोज सकाळी लागते.

म्हणून साधा अ‍ॅम्प्लिफायर आणि साधे स्पीकर घ्या, मागे ऑक्सची (साध्या ऑडिओ वायरची) किंवा ऑप्टिकलची जागा असलेले, आणि स्मार्ट डबा वेगळा, वायरने जोडलेला. डबा पाच-सात वर्षांनी मेला तर डबाच बदलायचा. तुमच्या सध्याच्या स्पीकरला ऑक्स आहे का ते मागे वळवून बघा, असेल तर तोही या पद्धतीने अजून बरीच वर्षं कामाला येईल.

आता तुम्ही एवढं करा, डिस्क जोडून एमपीथ्रीटॅगमध्ये सगळं उघडा, अल्बम आर्टिस्टचा रकाना लावून त्यावर सॉर्ट करा, आणि किती फाइली रिकाम्या निघाल्या तो आकडा आणि राउटरचं मॉडेल इथेच लिहा. डिस्क फिरताना टकटक आवाज करत असेल तर मात्र काहीच उघडू नका, लगेच काढून ठेवा आणि आधी ते सांगा, त्याचा रस्ता वेगळा आहे.